गाडीचा थर्मोस्टॅट आणि कूलंट : ग्वाल्हेरमध्ये गाडी चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात गाडी गरम होते म्हणून लष्कर किंवा मुरार भागातल्या गॅरेजात उभी केली, की पुष्कळदा पहिला सल्ला एकच मिळतो : "वॉल निकाल देते हैं, फिर कभी गरम नहीं होगी." वॉल म्हणजे थर्मोस्टॅट : इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारं द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गाडीवाला हो म्हणतो आणि उन्हाळा निघून जातो. मग जानेवारीच्या धुक्यात हीटर लावला की थंडगार हवा येते, काचेवरची वाफ हटत नाही आणि ॲव्हरेजही पडलेलं असतं. आपल्या शहरात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, थंडीत ५ च्या खाली येतो. ही दोन्ही टोकं सांभाळायची तर हा लहानसा भाग गाडीत असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. नातेवाईक, शेजारी आणि गणेशोत्सवात भेटणारी मंडळी याबद्दल जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

इंजिन थंड ठेवायचं असतं ना? मग पाणी अडवणारा भाग मुळात लावतातच कशाला?

इंजिन थंड ठेवायचं नसतं. ते ठरावीक तापमानाला ठेवायचं असतं, आणि ते तापमान चांगलंच गरम असतं : बहुतेक गाड्यांत ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान.

पेट्रोल किंवा डिझेल जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचण्याजोगं काम करतो. एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जातो. उरलेला भाग इंजिनच्या धातूत मुरतो आणि तो कूलंटने वाहून न्यावा लागतो. सिलिंडरच्या आत जळत्या वायूचं तापमान २००० अंशांच्या वर जातं, आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा असतो ते ६६० अंशांच्या आतच वितळतं. म्हणून उष्णता बाहेर काढणं भागच आहे.

पण फार काढली तरी नुकसान होतं. थंड इंजिनमध्ये ऑइल जाड राहतं आणि पेट्रोलची नीट वाफ होत नाही. गाडीतला कॉम्प्युटर मग जास्त पेट्रोल सोडतो, आणि त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं. ज्वलनातून तयार होणारं पाणीही उडून न जाता ऑइलमध्ये साचतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांतली अंतरं गरम अवस्थेसाठी ठरवलेली असतात. इंजिनची झीज सर्वांत जास्त होते ती गरम होईपर्यंतच्या काळात. थर्मोस्टॅट हा काळ शक्य तितका छोटा करतो.

थर्मोस्टॅटच्या आत असतं तरी काय?

मेण. पितळेच्या एका छोट्या डबीत खास प्रकारचं मेण भरलेलं असतं, त्यात बहुधा तांब्याची पूड मिसळलेली असते, म्हणजे उष्णता आतपर्यंत लवकर पोहोचते. ठरलेल्या तापमानाला मेण वितळायला लागतं आणि वितळताना फुगतं. त्या फुगण्याने एक पिन बाहेर ढकलली जाते आणि स्प्रिंगच्या जोराविरुद्ध झडप उघडते. कूलंट निवलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग झडप बंद करते. वायर नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटरची गरज नाही. इतकं साधं आणि इतकं भरवशाचं यंत्र गाडीत दुसरं क्वचितच असेल.

ही झडप दिव्याच्या बटणासारखी एकदम चालू-बंद होत नाही. ८२ अंशांना उघडायला सुरुवात झाली, तर पूर्ण उघडायला ९५ च्या आसपास तापमान लागतं. मधल्या टप्प्यात ती सतत थोडी उघडते, थोडी मिटते, आणि रेडिएटरकडे किती कूलंट जाऊ द्यायचं ते ठरवत राहते.

काही नव्या गाड्यांत मेणाच्या डबीतच बारीक विजेचा हीटर असतो. चढावर किंवा जास्त लोडवर कॉम्प्युटर तो चालू करून झडप लवकर उघडवतो. मूळ काम तेच.

झडप बंद असते तेव्हा कूलंट कुठे जातं?

ते फिरतच असतं. वॉटर बॉडी, म्हणजे वॉटर पंप, त्याला इंजिनचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि हेड (त्यावर बसणारा भाग) यांतून फिरवतो. तिथून ते बायपासच्या वाटेने आणि डॅशबोर्डमागच्या हीटरमधून परत पंपाकडे येतं. रेडिएटर तेवढा या फेरीतून वगळलेला असतो. त्यामुळे इंजिन सगळीकडे सारखं तापतं, आणि थंडीत हीटरलाही गरम कूलंट लवकर मिळतं. झडप उघडली की रेडिएटर फेरीत येतो.

वॉल काढून टाकली तर नेमकं काय बिघडतं? माझ्या ओळखीत कित्येकांनी काढली आहे, गाड्या चालताहेत.

चालतात, हे खरं आहे. नुकसान हळूहळू होतं, म्हणून ते कुणी वॉलच्या नावावर मांडत नाही.

थंडीत सकाळी जिन्सी नाल्यावरून निघून मुलांना शाळेत सोडायचं आणि परत यायचं, एवढ्या अंतरात अशी गाडी कामाच्या तापमानाला पोहोचतच नाही. रेडिएटर पहिल्या मिनिटापासून उष्णता बाहेर टाकत असतो. कॉम्प्युटरला इंजिन थंड दिसतं म्हणून तो पेट्रोल वाढवतो. ऑइल लवकर खराब होतं आणि स्पार्क प्लग काळे पडतात. धुक्यात तर हे थेट सुरक्षेवर येतं, कारण पुढच्या काचेवरची वाफ हटवणारी गरम हवा याच कूलंटमधून मिळते. आग्र्याच्या रस्त्यावर पहाटे धुकं असताना आतून धूसर झालेल्या काचेने गाडी चालवणं किती धोक्याचं आहे, हे चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता दुसरी बाजू, जी फार कमी लोकांना माहीत असते. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. मुख्य झडप उघडते तसतशी ही चकती बायपासची वाट बंद करत जाते, म्हणजे गरम इंजिनमधलं सगळं कूलंट रेडिएटरमधूनच जातं. थर्मोस्टॅट काढला की ही चकतीही जाते आणि बायपास कायमचा उघडा राहतो. मग कूलंटचा काही भाग रेडिएटरला न शिवता गरमच्या गरम परत इंजिनमध्ये येतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. भर दुपारी, पाच माणसं बसवून, एसी लावून चढ चढायला लागलात की तीच गाडी तापते. ज्यासाठी वॉल काढली, नेमकं तेच होतं.

आणि मुळात गाडी गरम का होत होती, ते शोधायचं राहूनच गेलेलं असतं. रेडिएटर चोंदलेला असेल किंवा फॅन आळसावलेला असेल, तर तो तसाच राहतो.

"पाणी फार जोरात फिरलं तर रेडिएटरला ते गार करायला वेळ मिळत नाही, म्हणून वॉल हवी." हे बरोबर आहे का?

वॉल हवी हे बरोबर, कारण चुकीचं. प्रवाह वाढला की रेडिएटर एकूण जास्तच उष्णता बाहेर टाकतो. तेच कूलंट मिनिटाला अनेकदा रेडिएटरमधून जातं, त्यामुळे 'वेळ मिळत नाही' या म्हणण्याला अर्थ उरत नाही. खरी कारणं वर दिली आहेत.

आपल्याकडे ऊन इतकं आहे, तर ८८ च्या जागी कमी आकड्याचा थर्मोस्टॅट लावावा का?

लावू नये. थर्मोस्टॅटवरचा आकडा इंजिनचं किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. गाडी ११० ला जात असेल तर तिथे ८८ ची झडप केव्हाच पूर्ण उघडलेली असते आणि ७६ चीही तशीच उघडलेली असती. त्या क्षणी दोन्हींत काही फरक नाही. पुढचं सगळं रेडिएटर, फॅन आणि पंपावर आहे. कंपनीने जो आकडा दिला आहे तोच ठेवा.

थर्मोस्टॅट चांगला आहे की खराब, हे घरी तपासता येतं का?

येतं, आणि दहा मिनिटांत. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा. तो तळाला टेकू देऊ नका, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. जेवणासाठी वापरत नाही असं जुनं पातेलं घ्या, कारण थर्मोस्टॅटला कूलंट लागलेलं असतं आणि ते विषारी आहे. ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर सोडा (तापाचा चालणार नाही) आणि गॅस मंद ठेवा.

त्यावर ठोकलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे झडप हलायला लागली पाहिजे. पाणी उकळेपर्यंत ती ठळकपणे, साधारण ८ मिलिमीटर किंवा अधिक, उघडलेली दिसली पाहिजे. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९९ च्या थोडं वर उकळतं. ८८ किंवा त्याहून वरच्या आकड्याचा थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यातही शंभर टक्के उघडला नाही, तर लगेच बाद करू नका. बाहेर काढल्यावर तो हळूहळू पूर्ण मिटतो का, हेही बघा.

परत बसवताना दोन गोष्टी सांभाळा. मेणाची डबी इंजिनच्या बाजूला आली पाहिजे. आणि कडेला जी बारीक हलती पिन असते ती वर ठेवा, कारण भरताना अडकलेली हवा तिथून सुटते. रबरी रिंग मात्र प्रत्येक वेळी नवी घ्या.

तो बिघडतो तेव्हा कसं कळतं?

उघडा अडकला तर गाडी उशिरा तापते, हायवेवर काटा खाली येतो आणि हीटर कोमट राहतो. स्कॅनर लावला तर बऱ्याच गाड्यांत पी ०१२८ हा कोड येतो. त्याचा अर्थच असा की कूलंट थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही.

बंद अडकला तर प्रकरण तातडीचं आहे. काही किलोमीटरांत काटा चढतो, पण रेडिएटर व खालचा पाइप थंड राहतो. अशी गाडी चालवत घरी आणू नका. थर्मोस्टॅट काही शे रुपयांत येतो, आणि हेड वाकलं तर फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गॅस्केट, मजुरी धरून खर्च हजारोंत जातो.

गाडी बाड्याच्या गर्दीत तापते, पण झाँशी रोडला लागली की काटा खाली येतो. काय झालं असेल?

हवा कमी पडते आहे. हायवेवर वेगामुळे रेडिएटरवर आपोआप वारा लागतो. बाड्यावर किंवा पडावच्या पुलापाशी रांगेत उभं असताना सगळी जबाबदारी एकट्या फॅनवर येते. तेव्हा पहिल्यांदा फॅन बघा. एसी लावला की फॅन सुरू व्हायला हवा. नसेल होत तर फ्यूज, रिले, फॅन मोटर आणि तिचं कनेक्शन या क्रमाने तपासा. बऱ्याच गाड्यांत फॅनचे दोन वेग असतात. त्यातला जोराचा वेग गेलेला असतो आणि हळू फिरणारा फॅन बघून मिस्त्री "चल तो रहा है" म्हणून पुढे जातो. वेगही बघायला हवा.

दुसरं कारण खास आपल्याकडचं : धूळ. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, आणि दोघांच्या मधल्या फटीत धूळ, भुसा, किडे यांचा थर साचतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. मार्च संपता संपता, लू सुरू होण्याआधी, दोन्हींमधली जागा साफ करून घ्या. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारावं आणि प्रेशर कमी ठेवावं, नाहीतर पातळ पत्र्याच्या पट्ट्या आडव्या होतात.

आणि उलट असेल तर? गावात ठीक, पण शिवपुरीच्या घाटात किंवा उरवाई गेटने किल्ल्यावर चढताना तापते.

मग हवा पुरेशी आहे, कूलंटचा प्रवाह कमी पडतो आहे. लोड वाढला की उष्णता वाढते, आणि ती वाहून नेण्याची ताकद कमी असेल तर ते तिथेच उघडं पडतं. मी या क्रमाने बघायला सांगेन : कूलंट कमी आहे का, रेडिएटर आतून क्षाराने चोंदला आहे का, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतो का (किंवा काढूनच टाकला आहे का), खालचा पाइप वेग वाढवल्यावर आत चिमटतो का, वॉटर बॉडीची पाती झिजली आहेत का.

हे सगळं नीट निघालं आणि तरी तापते, तर हेड गॅस्केटचा (ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पातळ सीलचा) संशय घ्यावा. थंड इंजिन रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून सुरू केलं आणि कूलंटमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, किंवा सुरू केल्यावर मिनिटभरातच, इंजिन थंड असतानाच, वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे.

उरवाईचा चढ छोटा आहे, पण खडा आहे आणि तिथे वेग घेता येत नाही. तिथे खालच्या गिअरमध्ये राहा, म्हणजे पंपही जोरात फिरतो. वरच्या गिअरमध्ये रेटत नेऊ नका.

नळाचं पाणी घातलं तर काय होतं? आमच्या वडिलांच्या ॲम्बॅसडरमध्ये आयुष्यभर तेच होतं.

त्या गाडीचं इंजिन बिडाचं होतं आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. चोंदला की रेडिएटरवाला टाकी उकलून नळ्यांतून सळई फिरवायचा आणि परत झाळून द्यायचा. आजच्या गाडीत हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटरही ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. नळ्या अरुंद, चपट्या. त्यात सळई फिरवण्याची सोय नाही. चोंदला की बदला.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते गरम पृष्ठभागावर थर धरतात, म्हणजे हेडमध्ये जिथे सर्वांत जास्त उष्णता आहे नेमकं तिथेच बसतात. घरच्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो, तोच हा. तिघरा धरणाचं नळाचं पाणी शुद्ध करून येतं, पिण्याला चांगलं आहे, पण शुद्धीकरणात क्षार निघत नाहीत, वर क्लोरीन असतं. इंजिनसाठी डिस्टिल्ड वॉटर किंवा डीएम वॉटरच वापरावं, बॅटरीसाठी मिळतं ते.

नुसतं डिस्टिल्ड वॉटरही पुरेसं नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, तीच निम्मं काम करतात. ॲल्युमिनियम, पोलाद, झाळकाम आणि रबर हे सगळं एकाच पाण्यात बुडालेलं असतं, आणि ही रसायनं नसतील तर धातू एकमेकांना खायला लागतात.

रस्त्यात अडचण आली, शिवपुरीच्या रस्त्यावर मोहना गावाच्या आसपास पाइप फुटला आणि जवळ फक्त प्यायच्या पाण्याच्या बाटल्या असतील, तर बेलाशक त्या घाला. इंजिन वाचवणं पहिलं. घरी आल्यावर सिस्टिम फ्लश करून योग्य कूलंट भरा.

ग्वाल्हेरमध्ये पाणी गोठत नाही. मग ग्लायकॉलवर, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य रसायनावर, पैसे का घालवायचे?

कारण ग्लायकॉल उकळणंही लांबवतं. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्या भांड्यात १०६-१०७ अंशांना उकळतं. गोठण्याचा बिंदू उणे ३७ च्या आसपास जातो, त्याचा उपयोग लडाखला गेलात तर होईल.

पण जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त थंड, असं समजू नका. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. कॉन्सन्ट्रेट पाणी न मिसळता तसंच ओतलं तर इंजिन उलट जास्त तापतं. बाटलीवर 'रेडी टू यूज' लिहिलं असेल तर त्यात पाणी घालू नये. 'कॉन्सन्ट्रेट' असेल तर दिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर घालावं. दुकानात घाईने घेताना हे दोन डबे फार वेळा अदलाबदल होतात.

रेडिएटरचं झाकण नुसतं झाकणच असतं ना?

कुकरच्या शिट्टीचं काम करतं ते. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. तेवढा दाब होईपर्यंत ते कूलंट आत धरून ठेवतं, आणि दाब वाढला की उकळण्याचं तापमान वर सरकतं. १.१ च्या झाकणाखाली निम्म्या-निम्म्या मिश्रणाला उकळायला १२५ च्या पुढे जावं लागतं. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की हा सगळा फायदा जातो, आणि चांगली गाडी १०८ लाच कूलंट बाहेर फेकायला लागते. हजारोंचं काम काढण्याआधी झाकण बदलून बघावं.

झाकणात दुसरी, उलटी छोटी झडपही असते. इंजिन निवताना ती रेडिएटरला जोडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं कूलंट परत आत ओढून घेते. ती अडकली तर सकाळी वरचा पाइप चपटा झालेला दिसतो, किंवा बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. म्हणून नुसती बाटली बघून समाधान मानू नका. महिन्यातून एकदा, सकाळी, पूर्ण थंड इंजिनवर झाकण उघडून रेडिएटर बघा.

गरम असताना ते झाकण कधीही उघडू नका. दाब एकदम सुटतो, आतलं सगळं कूलंट त्याच क्षणी उकळून उसळतं आणि चेहरा, हात भाजतात. फडकं धरून उघडणंही सुरक्षित नाही.

हिरवं, लाल, निळं, गुलाबी. कोणतं घ्यायचं?

रंग बघून घेऊ नका. रंग हा नुसता रंग आहे, कंपन्या आपापल्या सोयीने घालतात. महत्त्वाचं आहे ते आतलं रसायन. जुन्या पद्धतीची, सिलिकेट किंवा फॉस्फेटवर चालणारी कूलंट्स साधारण दोन वर्षं टिकतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली पाच वर्षं किंवा त्याहून जास्त. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार दिला आहे तो घ्या, आणि डब्यावर जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांसारखं मानक लिहिलेलं आहे का ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर ते रंगीत पाणीही असू शकतं. वेगवेगळे प्रकार मिसळले तर टिकाऊपणा जातो, आणि काही जोड्यांत गाळ धरतो.

रस्त्यात काटा लालवर गेला तर त्या क्षणी काय करायचं?

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावा. मे महिन्यात हे नकोसं वाटेल, काचा उघडा, पण लावाच. हीटर हा दुसरा छोटा रेडिएटर आहे आणि तो इंजिनची बरीच उष्णता खेचून घेतो. सुरक्षित जागा बघून गाडी कडेला घ्या.

थांबल्यावर वाफ येत नसेल, खाली कूलंट सांडत नसेल आणि फॅन फिरत असेल, तर एक-दोन मिनिटं इंजिन आयडलवर चालू ठेवून काटा उतरतो का बघा. उतरत असेल तर पंप आणि फॅन मिळून इंजिन सावकाश निववताहेत. वाफ असेल, सांडत असेल किंवा काटा उतरत नसेल, तर इंजिन लगेच बंद करा.

मग बॉनेट उघडून थांबा. अर्ध्या तासापेक्षा कमी तर नाहीच. वरचा पाइप हाताला सहज धरवेल आणि दाबला जाईल, तेव्हाच झाकणाला हात लावा. तापलेल्या इंजिनवर बाहेरून थंड पाणी ओतू नका, आतही एकदम ओतू नका. ॲल्युमिनियमचं हेड अशानेच वाकतं किंवा तडकतं. "अजून आठच किलोमीटर, घर येतंय" असं म्हणून कुणी दामटत असेल तर त्याला हात धरून थांबवा.

काटा मधोमध आहे म्हणजे सगळं ठीक, असं धरायचं का?

पूर्णपणे नाही. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तापमान ८० असो की १०५, तो मधेच दिसतो, आणि हलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. काही लहान गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो.

याहून घातक गोष्ट अशी की कूलंट पूर्ण वाहून गेलं तर सेन्सर हवेत लटकतो आणि कमी तापमान दाखवू शकतो. तापत चाललेला काटा अचानक खाली पडला आणि हीटरमधून थंड हवा यायला लागली, तर गाडी सुधारलेली नाही, कूलंट संपलं आहे. इंजिन बंद करा.

थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि ऑइलच्या झाकणाखाली साय दिसते. हेड गॅस्केट गेलं का?

धूर पाच-दहा मिनिटांत थांबत असेल तर ती पाण्याची वाफ आहे, जानेवारीत साहजिक आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर, गोडसर वास आणि कूलंट कमी होत जाणं हे तिन्ही असेल, तर काळजीचं कारण आहे. झाकणाखालची पातळ साय नुसत्या छोट्या फेऱ्यांमुळेही जमते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ दिसलं तर मात्र गाडी चालवू नका.

सकाळी पंधरा मिनिटं उभ्या उभ्या गाडी गरम करण्याची गरज नाही. अर्धा-एक मिनिट थांबून निघा आणि पहिले काही किलोमीटर हळू चालवा.

गाडी सीएनजीवर आहे. तिला काही वेगळं लागतं का?

लागतं, आणि हे फार थोडे लोक सांगतात. टाकीत गॅस सुमारे २०० बार दाबाने असतो. रिड्यूसर तो दाब उतरवतो, आणि दाब उतरताना गॅस अतिशय थंड होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. वॉल काढलेली असेल किंवा कूलंट कमी असेल, तर थंडीत रिड्यूसरवर बर्फ धरतो आणि गाडी झटके खाते. पुष्कळ किटांत कूलंट ठरावीक तापमानाला पोहोचेपर्यंत गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर जातच नाही. वॉल काढल्यावर सीएनजीचा फायदा घटतो तो असा. रिड्यूसरच्या दोन बारीक कूलंट पाइपांच्या क्लिपाही अधूनमधून बघाव्यात, गळती तिथून सुरू होते.

ग्वाल्हेर व्यापार मेळ्यातून नवी गाडी घेतली आहे. किती वर्षं बघायला नको?

मेळ्यात पुष्कळदा रोड टॅक्समध्ये सवलत मिळते म्हणून आपल्याकडे कितीतरी गाड्या जानेवारी-फेब्रुवारीत घरी येतात, आणि त्यांचा पहिलाच उन्हाळा लगेच सुरू होतो. नव्या गाडीतलं कूलंट पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीपर्यंत चालतं. पातळी मात्र पहिल्या एप्रिलपासून बघत जा. बंद सिस्टिममध्ये कूलंट 'पिऊन' टाकलं जात नाही. पातळी वारंवार कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. वर घालत राहण्यापेक्षा ती शोधा.

इलेक्ट्रिक गाडीत हे काही नसतं ना?

थर्मोस्टॅटचं मेण नसतं, पण बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी कूलंट असतं. काहींना वीज कमी वाहणारं खास कूलंट लागतं. पुस्तिकेबाहेरचं काही घालू नका.

काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकायचं?

नालीत, अंगणात किंवा झाडाच्या बुंध्यात टाकू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी आहे. कुत्री, मांजरं ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही मरतात. लहान मुलांनाही तितकाच धोका. गॅरेजच्या दारात हिरवं डबकं साचलेलं दिसलं तर तिथेच सांगून त्यावर माती टाकून घ्या. घरी कूलंट काढलं तर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, त्यावर ठळक नाव लिहा आणि वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच ठेवू नका.

जुनी गाडी घेतो आहे. तिच्यात वॉल आहे की काढलेली आहे, हे न खोलता कळेल का?

कळतं. विकणाऱ्याला आधीच सांगा की सकाळी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आलात की बॉनेटवर हात ठेवून ती खरंच थंड आहे ना ते बघा. मग इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा, फॅन आणि पट्ट्यापासून लांब राहून. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर हा पाइप काही मिनिटं थंड राहतो, आणि झडप उघडली की थोड्याच वेळात चांगला गरम होतो. काढलेला असेल तर पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत जातो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाशी असतो, तिथे हीच परीक्षा खालच्या पाइपावर घ्यायची. साध्या स्कॅनरवर तापमान बघितलं तर आणखी स्पष्ट दिसतं : चढत जाऊन ९० च्या आसपास स्थिरावलं पाहिजे, ६०-७० ला रेंगाळता कामा नये.

काढलेला आढळला तर तेवढ्यावरून गाडी नाकारू नका, पण कुणी आणि का काढला ते विचारा. मग थंड असतानाच झाकण उघडून कूलंटचा रंग बघा. तांबूस, गंजाळ पाणी दिसलं तर रेडिएटर, हेड गॅस्केट आणि फ्लशिंगचा खर्च धरूनच भाव करा.